नाट्यशास्त्रातली पीएच.डी. : परीक्षक कोण?

मी तत्त्वज्ञानाचा माणूस. नाटकवाल्यांपुढे बोलताना दोन पावलं मागं उभं राहावं, एवढं मला कळतं. पण ज्ञान कशाला म्हणायचं, हा प्रश्न आमच्या घरचा आहे. नाट्य-नृत्यातल्या संशोधनाचा घोळ नेमका तिथेच आहे, म्हणून बोलतो.

निवृत्तीनंतरही अधूनमधून प्रबंध वाचायला येतात. पहिलं प्रकरण 'संकल्पना व स्वरूप', दुसरं 'उगम आणि विकास', मग 'वैशिष्ट्ये', शेवटी 'उपसंहार'. तमाशा असो, कथक असो की पथनाट्य, सांगाडा तोच. तो आला साहित्याच्या अभ्यासातून. तिथे तो चालतो, कारण कादंबरी परीक्षकाच्या टेबलावर असते. जलसा टेबलावर नसतो. छापलेल्या संहितेत गण असतो, सवाल-जवाब असतो. पण पुढच्या रांगेतला म्हातारा उठून जायला लागला तेव्हा शाहिराने लय कशी बदलली, ते नसतं. आणि जलसा तर तिथेच घडतो.

गिल्बर्ट राईलने 1949 साली एक भेद मांडला. अमुक असं आहे हे ठाऊक असणं वेगळं, आणि अमुक कसं करायचं हे येणं वेगळं. दुसरं ज्ञान हे पहिल्याची अंमलबजावणी नव्हे, त्याला स्वतःची बुद्धी असते, असं त्याचं म्हणणं. ढोलकी वाजवणारा आधी नियम आठवून मग थाप मारत नाही. आपली पीएच.डी. मात्र पहिल्याच ज्ञानाला मार्क देते.

भीमराव कर्डकांचं उदाहरण घ्या. नाशिकचे हे जलसाकार आंबेडकरी विचार घेऊन गावोगाव फिरले. 1978 साली त्यांचं 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक आलं. आज जलशांवर प्रबंध लिहायचा तर त्याच्याशिवाय पान हलत नाही. म्हणजे करणाऱ्या माणसाने लिहिलं, त्यावर इतरांनी पदव्या मिळवल्या. त्याला माझी हरकत नाही, ज्ञान असंच पुढे जातं. हरकत दुसऱ्या गोष्टीला आहे. आपल्या व्यवस्थेत कर्डक 'साधन' होतात, संदर्भसूचीतली एक ओळ होतात. परीक्षक होऊ शकत नाहीत.

आपल्याच विद्यापीठात नाट्यशास्त्र विभागाचे प्रमुख राहिलेले डॉ. रुस्तुम अचलखांब हा सुखद अपवाद. 'तमाशा लोकरंगभूमी' लिहिणारा हा माणूस स्वतः मंचावर उभा राहणारा होता. अशी माणसं विभागात असली की सांगाडा आपोआप सैल होतो. पण एखाद्या माणसावर व्यवस्था किती दिवस चालवायची?

एका विद्यापीठात, नाव नको, मी मौखिक परीक्षेला श्रोता म्हणून बसलो होतो. शाहिराच्या घरातला पोरगा, विषय जलशातील गण. प्रश्न आला, "पारंपरिक गणात आणि तुमच्या गणात फरक काय?" पोराने घसा खाकरला आणि दोन्ही चाली म्हणून दाखवायला सुरुवात केली. परीक्षक म्हणाले, "गाणं नको, पृष्ठ क्रमांक सांगा." पोरगा पानं उलटत बसला. उत्तर त्याच्या गळ्यात होतं हो!

आता भरतमुनी बघा. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगावरून वाद झाला तर निवाडा कुणी करायचा, याची यादी आहे. यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, व्याकरणकार, राजा, धनुर्धर, चित्रकार, वेश्या, गायक-वादक, राजसेवक. अंगाची ठेवण धनुर्धराने तपासायची, शृंगार वेश्येने, दरबारी रीत सेवकाने. प्रत्येक जण आपल्याला जे *करता येतं* त्यापुरता परीक्षक. या यादीत जातिव्यवस्था नाही असं मी म्हणणार नाही; पण ज्ञान कुठे कुठे राहतं याची समज तिच्यात आहे. उलट यूजीसीच्या 2022च्या नियमांत किमान दोन बाह्य परीक्षक हवेत, आणि ते अध्यापन-संशोधनातले, प्रकाशित लेखन असलेले, अशी अपेक्षा. धनुर्धर बाद!

काही तरुण मित्र म्हणतात, सर, मग प्रयोगालाच प्रबंध माना. नाही. चांगला प्रयोग म्हणजे संशोधन नव्हे, नाहीतर प्रत्येक हाऊसफुल्ल नाटकाला डॉक्टरेट द्यावी लागेल. संशोधनात प्रश्न लागतो, आणि उत्तर दुसऱ्याला तपासता आलं पाहिजे. ब्रिटन-ऑस्ट्रेलियात प्रयोग आणि त्यासोबत लिखित विवेचन, दोन्ही मिळून प्रबंध स्वीकारतात. त्यातही ढोंग होतं. साध्या प्रयोगाला फुको-देरिदाची झूल चढवतात. पण निदान परीक्षकाला प्रयोग बघायला यावं लागतं.

आपल्याकडे सुरुवात छोटी करता येईल. मौखिक परीक्षा खुली असतेच. तिथे अर्धा तास प्रात्यक्षिकाला द्या, आणि त्या कलेतला एक जाणता कलावंत समोर बसवून त्यालाही प्रश्न विचारू द्या. त्याच्या सहीला नियमात जागा नसेल तर राहू दे. पोराला खरा घाम त्याच्याच प्रश्नाला फुटेल.

बराच वेळ घेतला. मागे एका ताईंनी हात वर केलाय, त्यांच्यापासून प्रश्न घेऊ.