पेडलवरून पाय उचलतो तो क्षण

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या काही नेत्रालयांत बाहेर बसलेल्या नातेवाइकांना शस्त्रक्रिया पडद्यावर दाखवतात. मुरबाड-शहापूरकडून उशिरा आलेल्या आजोबांचा पिकून तपकिरी झालेला मोतीबिंदू असेल, तर ती डोळे भरून पाहावी.

‘लेसरनं काढला’ असं पुढे घरोघर सांगितलं जातं. काम बहुधा ध्वनिलहरींनी, म्हणजे ‘फेको’नं, केलेलं असतं. चार्ल्स केलमन यांना दंतवैद्याकडचं कीटण काढणारं यंत्र पाहून ही कल्पना सुचली आणि १९६७ मध्ये त्यांनी ती माणसाच्या डोळ्यावर वापरली. पोकळ सुई सेकंदाला हजारो वेळा थरथरते, भिंगाचा चुरा करते आणि तीच तो शोषून घेते.

भिंगाच्या कडक गाभ्यात मात्र हीच ताकद घातक. कॉर्नियाच्या आतल्या अस्तरातल्या पेशी तिनं मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. हॉवर्ड गिंबेल यांच्या ‘डिव्हाइड अँड कॉन्कर’ पद्धतीत आधी खोल चर कोरून मग तुकडे करतात, आणि त्या कोरण्यातच बरीच ऊर्जा जाते. कुनिहिरो नागाहारा यांनी १९९३ मध्ये मांडलेला ‘फेको चॉप’ मला त्याहून देखणा वाटतो. सुई गाभ्यात रुतवायची आणि लगेच यंत्राच्या पेडलवरचा पाय किंचित उचलायचा. ध्वनी थांबतो, शोषण चालू राहतं, गाभा सुईनं घट्ट धरलेला. मग दुसऱ्या हातातल्या चॉपरनं, लाकूड रेषेत फोडावं तसा, तंतूंच्या दिशेनं तो फोडायचा. या तंत्राचा सगळा कस त्या उचललेल्या पायात आहे. अतिकडक मोतीबिंदूत तळाचे चिवट तंतू सुटता सुटत नाहीत. तिथे घाई केली तर भिंगाचं मागचं, काही मायक्रॉन जाडीचं आवरण फाटतं.

तुकडे खाण्याची पाळी आली की सुईच्या हालचालीचा फरक कळतो. पुढे-मागे ठोकणारी सुई कडक तुकड्याला स्वतःपासून दूर उडवते. दोन्ही बाजूंना पिळत हलणारी, टॉर्शनल सुई त्याला कातरत जवळ ठेवते. ऊर्जा कमी वाया जाते, उष्णताही कमी. फक्त टॉर्शनल यंत्र महाग, आणि नागाहारांची फोड साध्या यंत्रावरही साधते. म्हणून माझं मत आधी हाताला, मग यंत्राला.

आणि गाभा काळपट, दगडासारखा असेल, तर ध्वनी बाजूला ठेवून थोड्या मोठ्या छेदातून तो अखंड बाहेर काढणारा डॉक्टरही मला तितकाच कसबी वाटतो. बहुतेकदा त्या छेदालाही टाका लागत नाही.