मासूमियत आणि रद्दी

ओरहान पामुक यांच्या कादंबरीचे मूळ तुर्की नाव 'मासुमियेत म्युझेसी'. आपल्या घरांत 'मासूमियत' शब्द रोजच्या बोलण्यातला, त्यामुळे नाव तरी परके वाटत नाही. २००८ सालच्या या कादंबरीवर प्रेमकथा म्हणून पुष्कळ लिहिले गेले. आम्हांला ती वेगळ्याच प्रश्नाची कादंबरी वाटते : माणूस गेल्यावर त्याच्या घराचे, त्यातल्या चीजवस्तूंचे काय करायचे?

केमाल इस्तंबूलच्या श्रीमंत घराण्यातला, फुसून त्याच्या दूरच्या नात्यातली, बेताच्या परिस्थितीची. तिचे लग्न दुसऱ्याशी होते. तरी हा जवळजवळ आठ वर्षे तिच्या आईवडिलांकडे रात्रीच्या जेवणाला जात राहतो आणि निघताना काहीतरी उचलून आणतो : मिठाची दाणी, चिनी मातीचे कुत्रे, तिने ओढलेल्या सिगारेटींची ४,२१३ थोटके. एकदा तर फळ किसायची किसणी! संचारबंदीच्या रात्री शिपाई त्याला अडवतात आणि ती किसणी कशासाठी बाळगली म्हणून विचारतात. आम्हांला सगळ्या कादंबरीत हा प्रसंग सर्वांत खरा वाटला. दुःखाचे सामान बाहेरच्याला नेहमीच संशयास्पद दिसते.

फुसून मोटार अपघातात जाते आणि केमाल तिच्या घराचेच संग्रहालय करतो. घर आवरायचेच नाही, हा त्याचा निर्णय. पण तो त्याला परवडतो. फुसूनच्या आईने काय ठेवले असते, काय वाटून टाकले असते, हे लेखक फारसे विचारत नाही. २०१२ साली पामुक यांनी इस्तंबूलच्या चुकुरजुमा वस्तीत खरोखरच हे संग्रहालय उघडले. त्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे जुन्या बाजारातून, भंगारवाल्यांकडून वस्तू जमवल्या. म्हणजे एका कल्पित स्त्रीचे घर भरले ते खऱ्या, रिकाम्या झालेल्या घरांच्या सामानाने. त्या घरच्या माणसांची नावे कपाटांवर नाहीत.

आणखी एक गोष्ट. केमालच्या बहुतेक वस्तू वाचाव्या लागत नाहीत, नुसत्या पाहायच्या असतात. तुर्कस्तानने १९२८ साली अरबी लिपी सोडून लॅटिन लिपी घेतली. आजोबांची वही नातवाला वाचता येईना अशी घरे तिथे किती झाली असतील! एवढ्या मोठ्या कादंबरीत या दुःखाला जागा मिळाली असती तर बरे झाले असते, कारण ते आपलेही आहे.

मुस्लिम मराठी साहित्यात मय्यत पुष्कळ आली, जनाजा आला, चाळिसावा आला. त्यानंतरचा दिवस आमच्या वाचनात फारसा नाही. शरियतने वाटणीचा क्रम लावून दिला आहे : दफनाचा खर्च, कर्ज, एक तृतीयांशापर्यंत वसीयत, मग वारसांचे हिस्से. जमीन, घर, दागिने यांत बसतात. पानदान, चष्मा, जानमाज बसत नाहीत. बेवा चार महिने दहा दिवस इद्दतीत, आणि नवऱ्याचे कपडे अजून खुंटीवर. एवढ्यावर एक कथा उभी राहील.

त्याहून अवघड पेटीतले कागद. अब्बांनी उर्दूत लिहिलेले. मुले मराठी शाळेत शिकलेली. लिपी कळत नाही, म्हणून कागद वाचता येत नाहीत. त्यात कुठे अल्लाहचे नाव असेल, म्हणून रद्दीतही घालवत नाहीत. कुणी ते कापडात बांधून वाहत्या पाण्यात सोडतो, कुणी कब्रस्तानात पुरतो. हे काम बहुधा मुली-सुनाच करतात. त्या गाठोड्यात पत्र होते, हिशेब होता की एखादी गझल, हे बांधणारीला ठाऊक नसते.