बसक्या गाडीचे रसग्रहण

छत्तीस वर्षे मी शाळेत मराठी शिकवले. त्या काळात कविता, कादंबऱ्या आणि पाहुण्यांसाठी हेडमास्तरांनी रचलेली स्वागतगीते अशा बऱ्यावाईट सगळ्या वाङ्मयाचे रसग्रहण केले. पण निवृत्तीनंतर मालवाहू पिकअपचे रसग्रहण करावे लागेल असे काही वाटले नव्हते.

ही पाळी आणली पुतण्याने. दादा गेले आणि त्यांची टाटामोबाइल त्याच्याकडे आली. टाटांनी ही गाडी 1988 साली काढली, दादांनी ती 1991 साली घेतली. पाटीवर अजून अकोल्याचा एमएच-30 आहे. वाशीम जिल्हा वेगळा झाला 1 जुलै 1998 रोजी, आणि आमच्या वाट्याला एमएच-37 आला तो त्यानंतर. म्हणजे गाडी जिल्ह्यापेक्षा वयाने मोठी! रिसोडहून तिने हिंगोलीला हळद नेली, वाशीमला सोयाबीन नेले, आणि वऱ्हाडातली कित्येक वऱ्हाडे वेळेवर मांडवात पोचवली.

"काका, गाडी खाली बसवाची हाय," पुतण्या म्हणाला. "चाकं कोनती घेऊ? अन् हेडर टाकू का नको?"

हेडर म्हणजे मला पत्राचा मायना वाटला. तसे नव्हते. इंजिनाच्या चार सिलिंडरांचा धूर एरवी एका आखूड बिडाच्या मॅनिफोल्डमधून बाहेर पडतो. चार वर्ग एकदम सुटावेत आणि दार एकच असावे, तशी गर्दी. हेडरमध्ये प्रत्येकाला सारख्या लांबीची स्वतंत्र नळी मिळते आणि त्या पुढे एकत्र येतात. धक्काबुक्की टळते, उलट पुढे गेलेला मागच्याला ओढून घेतो. कल्पना सुरेख आहे. पण तिचा खरा उपयोग इंजिन गरगर फिरते तेव्हा. आमचे डिझेल इंजिन मुळात सावकाश फिरणारे. त्याच्या वर्गातली पोरे धावतच नाहीत. तिथे हेडरने बदलणार काय, तर आवाज. आशय जुनाच, वर अलंकार नवा. अशा कवितांना मी दहापैकी चार देत असे.

चाकांचे प्रकरण सोयरिकीसारखे. बोल्टची भोके जुळली म्हणजे पत्रिका जुळली असे नव्हे. चाक फार बाहेर आले तर बेअरिंगवर ताण, फार आत गेले तर पाट्याला घासणार. शिवाय चकचकीत मॅगव्हील कारच्या वजनाचे असेल तर पिकअपचे ओझे त्याला झेपायचे नाही. लोखंडी रिम खड्ड्यात वाकते, मिस्त्री हातोड्याने सरळ करतो. मॅगव्हील मात्र तडकते, आणि हातोडा पाहिला की आणखी तडकते.

राहिले गाडी बसवणे. ही कला कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांची. सुरुवातीला ते डिकीत वाळूची पोती टाकून गाडी बसकी करत. पुढे 1958 साली तिथल्या सरकारने गाडी रिमपेक्षा खाली उतरवायला कायद्याने मनाई केली. आमची गाडी तर दर दिवाळीच्या आधी सोयाबीनची पोती चढली की फुकटात बसकी होते! गतिरोधक नियमाने 10 सेंटिमीटर उंच असावा. आमच्याकडे तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेप्रमाणे असतो. त्यावर बसकी गाडी कशी चढायची? आपला मोटार वाहन कायदाही 1988 चाच, गाडीचा समवयस्क. त्याच्या 52 व्या कलमावर बोट ठेवून सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली सांगितले, की कंपनीने घडवलेल्या गाडीची मूळ ठेवण परस्पर बदलता येणार नाही.

एवढे सांगून मी निकाल दिला: तिन्ही नामंजूर.

पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, बाबानं पोळ्याले बैलाले झूल घातली, शिंगाले बेगड लावली. हिनं तीस वर्सं वझं वाह्यलं. हिले काय भेटलं?"

माझ्या समीक्षेत हा मुद्दाच नव्हता. मी गाडीचे परीक्षण करत होतो आणि पोराला आपल्या बापाच्या गाडीचा पोळा करायचा होता.

मग मधला मार्ग निघाला. मूळच्याच रिमा घासून चंदेरी रंगवल्या, डाल्याला निळा रंग दिला. हेडर नाही, पण मॅनिफोल्डची फाटलेली गॅस्केट तेवढी बदलून घ्या, असा सल्ला मी मोठ्या ऐटीत दिला. गाडी नवरीसारखी सजून अलगद दारात आली. मी कौतुकाची वाट पाहत उभा.

वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. "भाऊजी, आली कवा गाडी? आयकूच नाही आली."

नाल्याच्या वळणावर ती फटफट ऐकू आली की वहिनी चुलीवर तवा टाकत. दादा असताना टाकत, आणि ते गेल्यावर पोरगा चालवू लागला तरी टाकत. ती फटफट होती त्या फाटक्या गॅस्केटची.

सध्या मी आणि पुतण्या मिस्त्रीच्या दुकानी चकरा मारतो आहोत. जुनी गॅस्केट त्याने भंगारात टाकली नसली म्हणजे मिळवली.