चरणचित्र आणि हुसेन

संयुत्तनिकायाच्या खन्धसंयुत्तात 'चरण' नावाच्या चित्राचा उल्लेख आहे. अट्ठकथेनुसार हा पट गावोगाव नेऊन त्यावरील चित्रांतून लोकांना कर्माची फळे दाखवीत. मकबूल फिदा हुसेन (१९१५-२०११) यांची चित्रे पाहताना आम्हांस या फिरत्या पटाची आठवण होते.

पंढरपुरात जन्मलेल्या हुसेन यांनी उमेदीची वर्षे मुंबईत सिनेमाचे फलक रंगविण्यात घालविली. त्यांच्याविषयी लिहिणारे बहुधा हा काळ दारिद्र्याचा म्हणून हातावेगळा करतात. आम्हांस ते मान्य नाही. हातांच्या कामास विद्या न मानण्याची आपल्या समाजाची जुनी खोड त्यामागे आहे. धावत्या ट्राममधून ओळखू यावा असा चेहरा काढणाऱ्यास मोजकी, जाड रेषाच तारते. 'जमीन' (१९५५) या चित्रातील माणसे त्याच रेषेवर उभी आहेत. १९४८ साली दिल्लीच्या प्रदर्शनात मथुरेची व गुप्तकालीन शिल्पे पाहून त्या रेषेला भरीव देह मिळाला. बुद्धमूर्तीला आरंभीचे रूप देणारी तीच ही मथुरा! पुढे मात्र हातची सफाई त्यांच्यावरच उलटली. घोडे वाढले, जमीन आटली.

महाडला २० मार्चच्या अभिवादनासाठी पूर्वी हातांनी रंगविलेले फलक लागत. आता थेट पोलादपूरपर्यंत फ्लेक्सच दिसतात. त्या रंगाऱ्यांची नावे, ते हयात आहेत तोवर, टिपून ठेवावयास हवीत. जवळच गंधारपाल्याच्या लेण्यांत दान देणाऱ्या कुमार कानभोअ विष्णुपालिताचे नाव वाचावयास मिळते. छिन्नी धरणाऱ्यांचे नाही.