अद्भुताच्या वाटेवरील अंधार

मुले तेरा-चौदा वर्षांची झाली की त्यांच्या दप्तरात पाठ्यपुस्तकांच्या जोडीला एखादी जाडजूड इंग्रजी कादंबरी दिसू लागते. मुखपृष्ठावर कधी लांब झग्यातला जादूगार असतो, कधी परग्रहावरचे आकाश. मग आई-वडिलांच्या मनात शंका उभी राहते : हे वाचू द्यावे की नाही? १९९७ साली हॅरी पॉटरचा पहिला भाग प्रसिद्ध झाला, तेव्हापासून हा प्रश्न जगभरच्या ख्रिस्ती कुटुंबांत विचारला जात आहे. प्रश्न प्रामाणिक आहे. परंतु तो बहुधा मुखपृष्ठ पाहून विचारला जातो आणि मुखपृष्ठ पाहूनच त्याचे उत्तर दिले जाते.

पवित्र शास्त्राने मंत्रतंत्राचा निषेध केला आहे. ‘अनुवाद’ ग्रंथाच्या अठराव्या अध्यायातील ती यादी आपल्याला परिचित आहे. तेथे निषेध आहे तो परमेश्वराला बगल देऊन गूढ शक्ती आपल्या मुठीत आणू पाहणाऱ्या वृत्तीचा. कादंबरीतील जादू म्हणजे ती वृत्ती असेलच असे नाही. उलट जिच्या पानोपानी जादूचा मागमूसही नाही, अशा कादंबरीत ती वृत्ती खुशाल नांदत असू शकते. म्हणून पालकांनी पुस्तकाला दुसरेच दोन प्रश्न विचारावेत. या पुस्तकात दुष्टाई कोठे वसते? आणि तिच्यावर मात करण्यासाठी नायकाला कोणती किंमत मोजावी लागते?

ही पारख आपल्या परंपरेला नवी नाही. चौथ्या शतकात संत बेझिल यांनी तरुणांना उद्देशून एक प्रबोधन लिहिले. ग्रीकांचे मूर्तिपूजक साहित्य ख्रिस्ती मुलांनी वाचावे काय, हा त्याचा विषय. त्यांनी मधमाशीचा दाखला दिला : ती सरसकट सर्व फुलांवर बसत नाही आणि ज्या फुलावर बसते त्यातलेही घ्यायचे तेवढेच घेते. पोप फ्रान्सिस यांनीही १७ जुलै २०२४ रोजी साहित्यवाचनाविषयी एक पत्र लिहिले. वाचन हे केवळ करमणुकीचे साधन नसून अंतःकरणाच्या घडणीचा भाग आहे, असा त्या पत्राचा आशय आहे. मधमाशीला फुलावर बसावे तर लागतेच. न वाचता पारख होत नाही. याच दृष्टीने किशोर वाचकांसाठी लिहिलेल्या तीन गाजलेल्या कादंबऱ्यांकडे येथे पाहावयाचे आहे.

पहिली कादंबरी मॅडलीन लेंगल या अमेरिकन लेखिकेची ‘अ रिंकल इन टाइम’. १९६२ साली प्रसिद्ध होण्यापूर्वी ती अनेक प्रकाशकांनी नाकारली होती. पुढच्याच वर्षी तिला अमेरिकेतील बालसाहित्याचे मानाचे न्यूबेरी पदक मिळाले. लेंगल या श्रद्धावंत एपिस्कोपल ख्रिस्ती होत्या. त्यांची नायिका मेग ही चिडकी, हट्टी आणि स्वतःला कुरूप समजणारी शाळकरी मुलगी. तिचे शास्त्रज्ञ वडील बेपत्ता झाले आहेत. त्यांच्या शोधात मेग, तिचा पाच वर्षांचा कुशाग्र भाऊ चार्ल्स वॉलेस आणि मित्र केल्विन हे तिघे अवकाशाला पडलेल्या एका घडीतून कॅमाझॉट्झ नावाच्या ग्रहावर पोहोचतात.

या ग्रहाचे चित्र विसरता येत नाही. एकसारखी घरे आणि प्रत्येक घरासमोर एकाच तालात चेंडू आपटणारे एकेक मूल. एकाच मुलाचा ताल चुकतो आणि त्याची आई भेदरून त्याला घरात ओढून नेते. साऱ्या ग्रहाच्या वतीने विचार करणारा एक अवाढव्य मेंदू तेथे सत्ता चालवतो. आपल्या बुद्धीच्या बळावर या मेंदूशी टक्कर देता येईल, असे चार्ल्स वॉलेसला वाटते आणि त्या अभिमानापायीच तो त्याच्या कह्यात जातो. वडील सापडतात, परंतु मुलाला सोडवण्याचे सामर्थ्य त्यांच्यात नाही, हे मेगला कळते आणि ती त्यांच्यावर संतापते. वडील सर्वसमर्थ नसतात, हा वाढत्या वयातला कडू शोध लेखिकेने हळुवारपणे, पण टाळाटाळ न करता मांडला आहे.

अखेरीस मेगला एकटीनेच परत जावे लागते. तेथे तिला उमगते की, आपल्या द्वेषावर हा मेंदू पोसला जातो. त्याच्यापाशी सारे काही आहे, प्रेम मात्र नाही. त्या मेंदूवर प्रेम करण्याइतकी ती मोठी नाही. पण धाकट्या भावावर ती प्रेम करू शकते आणि तेवढ्यानेच तो सुटतो. ‘तेवढ्यानेच’ या शब्दात या कादंबरीचे मोल आहे. लेखिका मेगला शत्रूवरील प्रेमाचे पोकळ भाषण करायला लावत नाही. मुलीला जेवढे जमण्यासारखे आहे, तेवढेच तिच्याकडून मागते.

या पुस्तकावर काही ख्रिस्ती वाचकांनी रोष धरला. अंधाराशी झुंजणाऱ्यांची एक यादी त्यात येते. तिच्यात प्रभू येशूच्या नावापाठोपाठ कलावंतांची व शास्त्रज्ञांची नावे येतात, तसेच बुद्ध आणि गांधी यांचीही. अमेरिकन ग्रंथालय संघटनेने १९९० च्या दशकातील सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या पुस्तकांची यादी केली, तिच्यात ही कादंबरी आहे. श्रद्धेच्या दृष्टीने पाहता येशू हा लढवय्यांतील पहिला नव्हे, तर स्वतः प्रकाश आहे, हे खरे. आणि एवढ्यापुरती ती यादी उणी पडते. परंतु योहानाच्या शुभवर्तमानातील प्रकाशाचे वचन त्याच प्रसंगी उच्चारले जाते, हे आक्षेपक विसरतात. शिवाय अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यातले काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ साली सांगितलेच आहे. गांधीजींच्या देशातील ख्रिस्ती वाचकाला त्या यादीने बिचकण्याचे कारण नाही. कादंबरीचे खरे वैगुण्य निराळे आहे. दुष्टाई येथे सदैव बाहेर आहे : आकाशात काळ्या सावलीसारखी, नाही तर चौथऱ्यावर मांडलेल्या मेंदूच्या रूपात. मेगचा राग ती ओळखते; पण पाप म्हणून तो मेगला पुरता भेडसावत नाही.

ती उणीव दुसरी कादंबरी भरून काढते. अर्सुला ले ग्विन (१९२९-२०१८) यांची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ १९६८ साली आली. ही तर उघडउघड जादूगाराची कथा, आणि लेखिका ख्रिस्ती नव्हेत. त्यांची ओढ चीनमधील ताओ विचाराकडे. तथापि पापाच्या उगमाविषयी किशोरांसाठी इतके स्वच्छ लिखाण क्वचितच आढळते.

गेड हा बेटावरचा, आईविना वाढलेला, तल्लख आणि गर्विष्ठ मुलगा. जादूच्या विद्यालयात एका सोबत्याने हिणवले म्हणून ईर्ष्येला पेटून तो मृतात्म्याला पाचारण करतो. त्या क्षणी जगाला भेग पडते आणि तिच्यातून एक बिननावाची सावली बाहेर येऊन त्याच्यावर झेप घेते. ती भेग बुजवताना वृद्ध कुलगुरूंचा प्राण जातो. मुलाच्या एका फुशारकीची किंमत दुसऱ्याने मोजली, ही गोष्ट पुढच्या कोणत्याही पराक्रमाने पुसली जात नाही. गेड पळत सुटतो. तो जितका पळतो, तितकी सावली बळावते. शेवटी त्याचा पहिला गुरू ओजिअन त्याला मागे वळून तिचाच पाठलाग करण्याचा सल्ला देतो. जगाच्या टोकापलीकडे दोघे समोरासमोर येतात तेव्हा गेड तिला नावाने हाक मारतो. आणि ते नाव त्याचे स्वतःचेच असते.

आपल्या पापनिवेदनाच्या संस्काराशी याचे नाते सहज लक्षात येईल. दुसऱ्याचे नाव घेऊन सांगितलेले पाप, परिस्थितीचे नाव घेऊन सांगितलेले पाप हे अजून सावलीच असते. ‘हे मी केले’ असे म्हणताच तिचे बळ ओसरते. धर्मशिक्षणाच्या वर्गात विवेकपरीक्षणाचा धडा शिकवताना ज्या गोष्टीसाठी शब्द अपुरे पडतात, ती गोष्ट येथे कथानकाच्या ओघात येते.

तरीही येथे एक अंतर राखून वाचावे लागते. गेडची सावली त्याच्यात विलीन होते. तो पूर्ण होतो, पण त्याला क्षमा कोणी करीत नाही. ताओ विचारात प्रकाश व अंधार हे परस्परांचा तोल सांभाळतात. आपल्या श्रद्धेत पाप हा तोलाचा अर्धा भाग नाही; ती जखम आहे आणि ती बरी करणारा कोणी आहे. गेडला शेवटच्या प्रवासात आपणहून साथ देणारा मित्र एस्टारिओल हा कृपेच्या जवळ येणारा एकमेव माणूस. मुलांशी बोलताना हा फरक सांगावा. परंतु त्यासाठी पुस्तक हिरावून घेऊ नये.

तिसरी कादंबरी लोइस लोरी यांची ‘द गिव्हर’. १९९३ साली ती प्रसिद्ध झाली आणि १९९४ चे न्यूबेरी पदक तिला मिळाले. ग्रंथालय संघटनेच्या उपरोक्त यादीत हिचाही समावेश आहे. येथे ना राक्षस, ना सावली, ना जादूची कांडी. दुष्टाई येथे एका नीटनेटक्या, सुखी घरात जेवणाच्या टेबलावर बसलेली आहे, आणि म्हणूनच तिन्हींत ही कादंबरी मला सर्वांत मोलाची वाटते.

जोनास ज्या समुदायात वाढतो तेथे भूक नाही, भांडण नाही, वेदना नाही. प्रत्येक कुटुंबाला नेमून दिलेला एक मुलगा आणि एक मुलगी. जोडीदार नेमलेला, व्यवसाय नेमलेला. रोज रात्री घरातील सर्वांनी आपल्या भावना सांगायच्या, असा नियमसुद्धा आहे. त्यासाठी दिलेली किंमत हळूहळू उघड होते. रंग दिसत नाहीत, बर्फ पडत नाही, आणि भूतकाळ कोणालाच आठवत नाही. मानवजातीच्या साऱ्या आठवणी एका वृद्धावर सोपवलेल्या आहेत; बाराव्या वर्षी जोनासची निवड त्याचा वारस म्हणून होते. घसरगाडीवरून बर्फात घसरण्याचा आनंद, मोडलेल्या पायाची कळ, रणांगणावरचा आक्रोश अशा आठवणी तो एकामागून एक आपल्या अंगावर घेतो. एका आठवणीत उबदार खोली आहे, दिव्यांनी सजवलेले झाड आहे आणि आजी-आजोबा आहेत. घरी परतल्यावर तो आई-वडिलांना विचारतो, तुमचे माझ्यावर प्रेम आहे का? ते हसतात. हा शब्द आता निरर्थक झाला आहे, नेमके शब्द वापरावेत, असे त्याला समजावतात.

या समुदायात ‘मुक्त करणे’ असा एक शब्दप्रयोग आहे. वृद्धांना मुक्त करतात, नियम मोडणाऱ्यांना मुक्त करतात. त्याचा अर्थ जोनास स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. अर्भकांची देखभाल करणारे त्याचे प्रेमळ वडील जुळ्यांपैकी वजनाने कमी भरलेल्या बाळाला सुई टोचतात. त्या वेळीही त्यांच्या बोलण्यात बाळाशी बोलतानाचा तोच लाड असतो. वडील क्रूर नाहीत. त्यांना काही ठाऊकच नाही. ज्याला आठवण नाही त्याला दुःख नाही, आणि ज्याला दुःख नाही त्याला पापही दिसत नाही. हा प्रसंग परकीय म्हणून बाजूला सारता येणार नाही. गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली आणि देशाने १९९४ साली कायदा केला, तो आवश्यकता होती म्हणूनच. ‘सफाई’ यासारख्या निरुपद्रवी शब्दाआड काय दडते, हे आपल्या समाजालाही ठाऊक आहे.

आता या कादंबरीने धर्मग्रामातील कुटुंबांपुढे ठेवलेला प्रश्न. वरवर पाहता आठवणींचा तो वृद्ध वाहक ख्रिस्तासारखा भासतो. सर्वांच्या वेदना तो एकटा वाहतो. परंतु साम्य तेथेच संपते. इतरांना काही आठवावे लागू नये म्हणून त्याला सोसायला लावले आहे. प्रभूने सोसले ते आपल्याला स्मरण देऊन. प्रत्येक मिस्साबलिदानात हे स्मरण एकट्या धर्मगुरूचे नसते, ते साऱ्या मंडळीचे असते. आणि आपण काय करतो? प्रार्थना फादरांकडे, बायबल धर्मशिक्षकांकडे, पूर्वजांच्या कष्टांच्या कथा आजीकडे आणि आजी आतल्या खोलीत. मुलांना मात्र गुण, चांगली नोकरी आणि त्रासाविना आयुष्य मिळावे, एवढीच आपली मागणी. जोनासच्या आई-वडिलांनी याहून निराळे काही मागितले नव्हते.

‘द गिव्हर’ निर्दोष नाही. रंग आणि ऋतू कसे नाहीसे केले, पाठीवर हात ठेवल्याने आठवण कशी संक्रमित होते, याचा खुलासा नाही. विज्ञानकथा म्हणून तिचा पाया कच्चा आहे. या प्रांताला शास्त्राची शिस्त कशी लावावी, हे मराठी वाचकांना जयंत नारळीकरांनी (१९३८-२०२५) दाखवले आहे. त्या कसोटीला ही कादंबरी उतरत नाही. उपासमार आणि थंडी सोसत, लहानग्या गेब्रिएलला छातीशी धरून जोनास दूरच्या दिव्यांकडे घसरत जातो, तेथे ती संपते. तो वाचला की नाही हे वाचकाने ठरवायचे. पुढील भागांत लेखिकेने त्याचे उत्तर देऊन टाकले. ते दिले नसते तर बरे झाले असते. आशा आणि खात्री यांत फरक आहे, आणि किशोरवयीन वाचक तो फरक पेलू शकतो.

या तीन पुस्तकांत बाहेरचा, आतला आणि घरातला असे तीन अंधार आहेत. तिन्हींत चांगुलपणा फुकट मिळत नाही. ज्या कादंबऱ्यांत नायक जन्मतःच निवडलेला असतो, त्याची शक्ती त्याला काहीही न गमावता मिळते आणि शत्रूला मारले की दुष्टाई संपते, त्या कादंबऱ्यांविषयी पालकांनी खरी काळजी करावी, मग त्यांच्या मुखपृष्ठावर देवदूत का असेना.

मुलाने पुस्तक वाचून संपवले की ते आपणही वाचावे. मग जेवताना सहज विचारावे : गेड पळत का होता? बाळाला सुई टोचताना वडील हसत का होते? मुलांची उत्तरे पुष्कळदा आपल्याला अडचणीत टाकतील. त्या अडचणीसाठी घरात जागा असू द्यावी.