किपलिंगचा सिमला आणि चार झंपानी

थंड हवेच्या गांवांतील ऐषारामी जीवनावर एखाद्या लेखकाची पहिली कीर्ति उभी राहूं शकते, हें रड्यर्ड किपलिंग यानें दाखवून दिलें. सिमला १८६४ पासून हिंदुस्थान सरकारची उन्हाळी राजधानी होती. दफ्तरांच्या पाठोपाठ नाच, नाटकें, ॲनंडेलवरील शर्यती आणि जाखू टेकडीभोंवतालची रपेट हा सारा थाट डोंगर चढे. मुंबईंत १८६५ सालीं जन्मलेल्या या लेखकानें लाहोरास वृत्तपत्राची नोकरी करतां करतां हें जग न्याहाळलें, आणि १८८८ मध्यें 'प्लेन टेल्स फ्रॉम दि हिल्स' हा संग्रह प्रसिद्ध केला.

त्यांतील 'क्यूपिड्स ॲरोज' ही कथा पाहावी. कुरूप परंतु वजनदार कमिशनर तिरंदाजीच्या सामन्यासाठीं हिरेजडित कंकण ठेवतो. तें कोणाच्या हातीं पडावें हें सर्वांस ठाऊक असतें. मुलीच्या आईला तो जांवई हवा असतो. मुलगी मात्र उत्तम तिरंदाज असूनहि मुद्दाम नेम चुकविते. करमणुकीच्या आडून लग्नाचा बाजार कसा भरतो, हें येथें उपदेशावांचून दिसतें. ही नजर अस्सल आहे.

परंतु 'दि फँटम रिक्षॉ' या कथेपाशीं आम्ही अडखळतों. नायकानें झिडकारलेली विवाहित स्त्री झुरून मरते, आणि तिची रिक्षा त्याला सिमल्याच्या रस्त्यावर पुन्हां दिसूं लागते. ती ओढणारे काळ्यापांढऱ्या पोषाखांतील चौघे झंपानीहि तेच. ते सख्खे भाऊ हरद्वारच्या वाटेवर पटकीनें मेल्याचें नायकास कळतें. त्यावर त्याच्या मनांत प्रश्न येतात: त्यांना पगार किती मिळे? त्यांचे कामाचे तास कोणते?

हे शब्द नायकाचे आहेत, लेखकाचे नव्हेत, असें कोणी म्हणेल. तें खरें आहे. किंबहुना हे प्रश्न कथेंत आले हेंच लेखकाच्या तीक्ष्ण बुद्धीचें लक्षण होय. पण थट्टेपलीकडे ते जात नाहींत. ती स्त्री प्रेमाखातर परत आली. हे चौघे कशासाठीं आले? मरणानेंहि ज्यांची वेठ सुटली नाहीं, त्यांचें भय नायकाच्या भयाहून आम्हांस मोठें वाटतें. कथेनें मात्र त्यांना एक शब्दहि बोलूं दिला नाहीं. आमच्या मतें या सुंदर कथेचें हेंच उणेपण होय.

हा प्रश्न केवळ जुन्या सिमल्याचा नव्हे. माणसानें माणसास ओढण्याच्या हातरिक्षा माथेरानांत सहा महिन्यांत बंद कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयास २०२५ सालीं द्यावा लागला. तेथें हवा खावयास जाणाऱ्या आमच्या वाचकांनीं ही कथा अवश्य वाचावी, आणि वाचतांना रिक्षेंतील बाईइतकेंच तिच्या दांड्या धरणाऱ्यांकडेहि पाहावें.