वंशाचा दावा आणि आत्मकथनाची विश्वासार्हता : 'द एज्युकेशन ऑफ लिटल ट्री'च्या निमित्ताने

प्रस्तावना

आत्मकथन हा वाङ्मयप्रकार लेखक आणि वाचक यांच्यातील एका करारावर उभा असतो. फ्रेंच अभ्यासक फिलिप लेज्यून यांनी १९७५ साली या कराराची सैद्धांतिक मांडणी केली. लेखक, निवेदक आणि कथनातील मुख्य व्यक्ती ही तिन्ही एकच आहेत अशी हमी लेखक देतो आणि त्या हमीवर विसंबून वाचक कथन स्वीकारतो, असे या मांडणीचे सार आहे. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, अमेरिकेत 'द एज्युकेशन ऑफ लिटल ट्री' हे पुस्तक सत्यकथा म्हणून प्रसिद्ध झाले. हा करार मोडला गेल्यावर साहित्यकृतीचे काय होते, या प्रश्नाचा विचार करण्यासाठी हे पुस्तक आदर्श उदाहरण ठरते. लेखकाने आपला वंश आणि कुळ यांविषयी खोटा दावा केला असेल, तर तो दावा साहित्यबाह्य मानून बाजूला ठेवता येतो काय, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

दाव्याचे स्वरूप आणि वस्तुस्थिती

आई-वडिलांचे छत्र हरपलेला पाच वर्षांचा मुलगा १९३० च्या दशकातील मंदीच्या काळात टेनेसीच्या डोंगराळ भागात आपल्या चेरोकी आजी-आजोबांकडे वाढतो. निसर्गाकडून तो जगण्याची रीत शिकतो. पुढे सरकारी अधिकारी त्याला आजी-आजोबांपासून तोडून अनाथालयात टाकतात. लेखक फॉरेस्ट कार्टर यांनी ही स्वतःच्या बालपणाची हकिकत म्हणून सांगितली.

प्रत्यक्षात फॉरेस्ट कार्टर म्हणजे अलाबामा राज्यात १९२५ साली जन्मलेला आसा अर्ल कार्टर. तो पोरका नव्हता. आई-वडिलांच्या घरीच वाढला होता. १९५० च्या दशकात त्याने रेडिओवरून आणि 'द सदर्नर' या नियतकालिकातून वर्णद्वेषाचा व ज्यूद्वेषाचा प्रचार केला आणि कू क्लक्स क्लॅनची एक स्वतंत्र शाखा उभारली. अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांनी जानेवारी १९६३ मध्ये शपथविधीच्या वेळी केलेले, वर्णविभाजन कायम ठेवण्याची घोषणा करणारे कुप्रसिद्ध भाषण लिहिण्यात त्याचा प्रमुख वाटा होता. १९७० मध्ये त्याने स्वतः गव्हर्नरपदाची निवडणूक लढवली आणि त्यात तो सपशेल पराभूत झाला. त्यानंतर तो टेक्सासमध्ये गेला आणि नव्या नावाने लेखक झाला. 'फॉरेस्ट' हे नाव त्याने क्लॅनचा आद्य प्रमुख मानला जाणारा सेनापती नेथन बेडफर्ड फॉरेस्ट याच्यावरून घेतले होते. जुनी ओळख पुसताना निवडलेल्या नावातच ती ओळख शिल्लक राहिली, ही बाब सूचक आहे.

कार्टरविषयीची शंका १९७६ मध्येच 'न्यूयॉर्क टाइम्स'मधून जाहीरपणे व्यक्त झाली होती. त्याने ती फेटाळली. १९७९ मध्ये त्याचा मृत्यू झाला. १९८६ मध्ये न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने पुस्तकाची नवी आवृत्ती काढली आणि ते अनेक शाळांमधून वाचले जाऊ लागले. १९९१ मध्ये अमेरिकी पुस्तकविक्रेत्यांच्या संघटनेचा पुरस्कारही त्याला मिळाला. त्याच वर्षी ४ ऑक्टोबर रोजी इतिहासकार डॅन टी. कार्टर यांनी त्याच वृत्तपत्रात लेख लिहून दोन्ही कार्टर एकच असल्याचे ठामपणे मांडले. त्यानंतर वृत्तपत्राने हे पुस्तक खपाच्या ललितेतर यादीतून काढून ललित साहित्याच्या यादीत घातले. पंधरा वर्षांपूर्वी जाहीर झालेली माहिती वाचकांनी, शिक्षकांनी आणि प्रकाशकांनी विस्मरणात टाकली होती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. ज्यावर विश्वास ठेवणे सुखद असते, त्याची तपासणी लांबणीवर पडते.

दोन भूमिका आणि त्यांच्या मर्यादा

या घटनेनंतर दोन परस्परविरोधी भूमिका पुढे आल्या. पहिली भूमिका पुस्तकाला सर्वस्वी त्याज्य ठरवते. दुसरी भूमिका लेखकाला बाजूला सारून केवळ संहिता वाचावी असे म्हणते. समीक्षक हेन्री लुई गेट्स यांनी नोव्हेंबर १९९१ मध्ये या प्रकरणावर लिहिताना संहितेवरून लेखकाचा वंश ओळखता येतो या समजुतीलाच आव्हान दिले. अमेरिकेत गुलामांची आत्मकथने म्हणून गोऱ्या लेखकांनी लिहिलेली पुस्तके एकोणिसाव्या शतकातही निघाली होती. रिचर्ड हिल्ड्रेथ यांची १८३६ मधील आर्ची मूरची कथा किंवा मॅटी ग्रिफिथ यांचे एका गुलाम स्त्रीचे कथित आत्मचरित्र ही त्याची उदाहरणे होत. अस्सलपणा हा गुण रक्तातून संहितेत आपोआप उतरत नाही, हा गेट्स यांचा मुद्दा मान्य करावा लागतो.

तथापि या मुद्द्यावरून दुसरी भूमिका सिद्ध होत नाही. अनुभव नसताना कल्पनेने लिहिण्याचा अधिकार प्रत्येक लेखकास आहे. तो अधिकार कादंबरीकार उघडपणे वापरतो. कार्टरने कादंबरी लिहून तिला साक्ष म्हटले. कल्पित आणि साक्ष यांची मूल्यमापनाची तत्त्वे भिन्न आहेत. कादंबरीतील प्रसंग घडला होता काय, असे आपण विचारत नाही. साक्षीच्या बाबतीत तोच पहिला प्रश्न असतो.

संहितेतील पुरावा

लेखकाचा खोटेपणा संहितेच्या बाहेरच राहिला असता, तर दुसऱ्या भूमिकेला काही बळ मिळाले असते. परंतु तो संहितेत पाझरला आहे. चेरोकी लोकांना १८३८-३९ मध्ये त्यांच्या भूमीतून सक्तीने हाकलण्यात आले. 'अश्रूंची वाट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या स्थलांतरात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. कार्टरच्या पुस्तकात हे लोक सैनिकांनी देऊ केलेल्या गाड्यांत बसण्यास नकार देतात आणि रिकाम्या गाड्यांच्या बाजूने मानाने चालत राहतात. वास्तवात काही तुकड्यांना नावांमधून नेण्यात आले, तर खुष्कीच्या मार्गाने गेलेल्या तुकड्यांबरोबरच्या गाड्यांतून वृद्ध, आजारी माणसे आणि सामान वाहिले जात होते. रिकाम्या गाड्यांची प्रतिमा डोळ्यांत पाणी आणते. मात्र तिच्यामुळे उपासमार, रोगराई आणि शासकीय अनास्था यांचा इतिहास निव्वळ स्वाभिमानाच्या आख्यायिकेत विरघळून जातो. पुस्तकातील तथाकथित चेरोकी शब्द आणि चालीरीती अस्सल नाहीत, असा आक्षेपही चेरोकी समाजातून घेण्यात आला आहे.

पुस्तकाचा वैचारिक गाभाही तपासण्यासारखा आहे. सरकार, कायदा, राजकारणी आणि शहरी सुधारक यांच्याविषयीचा अविश्वास हे त्याचे मुख्य सूत्र आहे. आपल्या माणसांना आपल्या रीतीने जगू द्यावे, बाहेरच्यांनी हस्तक्षेप करू नये, हा त्याचा आग्रह आहे. वर्णविभाजनाच्या समर्थनार्थ कार्टरने केंद्र सरकारविरुद्ध केलेल्या प्रचाराचा सूरही हाच होता. तीच तक्रार गोऱ्या वर्चस्ववाद्याच्या तोंडी आली तेव्हा ती द्वेषमूलक ठरली. पोरक्या चेरोकी मुलाच्या तोंडी आल्यावर ती करुण वाटू लागली. खोट्या वंशाने लेखकाला जे मिळवून दिले ते हेच. पुस्तकात प्रेमळ ज्यू फेरीवाल्याचे पात्र आहे. त्यावरून लेखकाचे मनपरिवर्तन झाले असावे, असा तर्क करता येईल. परंतु परिवर्तन सिद्ध होण्यासाठी पूर्वायुष्याची कबुली आवश्यक असते. कार्टरने ती न देता पूर्वायुष्यच नाकारले.

ग्रे आउलशी तुलना

कॅनडातील ग्रे आउल याचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. आपली आई अपाची होती असे सांगणारा हा लेखक बीव्हर प्राण्यांच्या आणि अरण्याच्या रक्षणासाठी प्रसिद्ध होता. १९३८ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर तो इंग्लंडमधील हेस्टिंग्ज येथे जन्मलेला आर्चिबाल्ड बेलानी असल्याचे उघड झाले. बेलानीनेही वाचकांची फसवणूक केली, यात शंका नाही. मात्र बीव्हरांची संख्या घटत आहे, अरण्ये नष्ट होत आहेत, ही त्याची विधाने वक्त्याच्या कुळावर अवलंबून नव्हती. ती स्वतंत्रपणे पडताळता येत होती. याउलट 'लिटल ट्री'चे सारे मूल्य 'हे मी भोगले' या एका विधानावर टेकलेले होते. सबब वंशाच्या खोट्या दाव्याने प्रत्येक कृती सारख्याच प्रमाणात बाधित होत नाही. कृतीतील किती भार साक्षीवर आहे, हे पाहूनच निर्णय करावा लागतो.

शंका कोणी आणि कशाच्या आधारे घ्यावी?

अशा शंकांमध्ये एक धोकाही आहे. वर्ण, केस किंवा चेहरेपट्टी पाहून 'हा खरा नव्हे' असे म्हणणे ही वंशवादाचीच रीत होय. चेरोकी नेशनचे नागरिकत्व डॉज नोंदवहीतील पूर्वजापासूनच्या थेट वंशावळीवर ठरते. त्यासाठी रक्ताचे किमान प्रमाण आवश्यक नाही. म्हणजे येथे प्रश्न दिसण्याचा नसून नोंदीचा, नात्याचा आणि समाजाच्या मान्यतेचा आहे. गायिका बफी सेंट-मेरी यांच्या जन्माविषयी २०२३ मध्ये कॅनडाच्या सीबीसी या प्रसारणसंस्थेने कागदपत्रांच्या आधारे प्रश्न उपस्थित केले, तेव्हा त्यांना दत्तक मानणाऱ्या पायापॉट कुटुंबाने आपले नाते कायम असल्याचे सांगितले. समाजाने दिलेले नाते आणि जन्माचा दावा या दोन भिन्न गोष्टी आहेत. एकीची सिद्धता दुसरीने होत नाही, तसेच एकीच्या अभावाने दुसरी रद्दही होत नाही.

चेरोकी नेशनच्या पहिल्या स्त्री प्रमुख विल्मा मॅनकिलर यांचे १९९३ मधील आत्मचरित्र येथे आठवते. त्यांचे वडील चेरोकी आणि आई युरोपीय वंशाची होती. मॅनकिलर ते लपवत नाहीत. १९५६ मध्ये सरकारी योजनेखाली कुटुंबाचे सॅन फ्रान्सिस्कोला झालेले स्थलांतर, शहरातील परकेपणा, परतल्यानंतर गावात लोकसहभागातून उभारलेली पाणीयोजना, असा त्यांचा प्रवास आहे. त्यात डोंगरातील अद्‌भुतरम्यता नाही आणि म्हणूनच तेथे जिवंत समाज दिसतो.

मराठी वाचकाला हा फरक अपरिचित नाही. दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) आणि शरणकुमार लिंबाले यांचे 'अक्करमाशी' (१९८४) यांनी स्वानुभवाच्या साक्षीला आपल्या साहित्यात प्रतिष्ठा मिळवून दिली. 'अक्करमाशी'त तर कुळाचा पेच हाच कथनाचा विषय आहे. जे लपवले असते तर प्रतिष्ठा टिकली असती, ते निवेदक उघड करतो. कार्टरने प्रतिष्ठेसाठी दुःखाचे कुळ उसने घेतले. साक्षीची किंमत ज्यांनी स्वतः मोजली आहे, त्यांच्यावरच अशा उसनवारीचा अन्याय होतो. कारण पुढच्या प्रत्येक खऱ्या साक्षीदाराकडे वाचक संशयाने पाहू लागतो.

निष्कर्ष

'द एज्युकेशन ऑफ लिटल ट्री' अभ्यासक्रमातून गुपचूप वगळणे हा पुरेसा उपाय नाही. त्याला आत्मकथन म्हणून ठेवणे तर समर्थनीयच नाही. ते कादंबरी म्हणून, लेखकाच्या पूर्वेतिहासासह आणि मॅनकिलर यांच्यासारख्या लेखनाच्या शेजारी ठेवून वाचावे. असे वाचन केल्यास एका समाजाविषयी आपल्याला काय ऐकायला आवडते आणि तो समाज स्वतः काय सांगतो, यांतील अंतर विद्यार्थ्यांच्या ध्यानात येईल. लेखकाची जात वा वंश तपासणे हे समीक्षेचे नित्यकर्म नव्हे. परंतु लेखकाने स्वतःच वंशाला पुरावा म्हणून पुढे केले असेल, तर त्या पुराव्याची तपासणी करणे हे समीक्षेचे कर्तव्य ठरते.